तीन तास कशाचे मोजायचे?

प्रश्न : वडिलांच्या (वय ६४) अंगावरून वारं गेलं त्याला बारा दिवस झाले. उजवा हात-पाय लुळा, बोलणं अडखळतं. रत्नागिरीत एका पुनर्वसन विभागात दाखल आहेत. फिजिओथेरपिस्ट सकाळी पाऊण तास येतात, स्पीच थेरपी एक दिवसाआड. रोज तीन तास लागतात असं वाचलं. पैसे भरून दुसरा फिजिओथेरपिस्ट लावावा का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आकडा खरा आहे. अमेरिकेत अशा रुग्णांसाठी दिवसाला तीन तास, आठवड्याला पाच दिवस असा दंडक आहे; ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२३ मध्ये तेच सुचवलं. पण त्यात फिजिओ, ऑक्युपेशनल (जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवणारी) आणि स्पीच थेरपी सगळं धरलेलं असतं.

पैसे भरण्याआधी एक दिवस वही घेऊन शेजारी बसा आणि वडिलांनी स्वतः केलेल्या हालचाली मोजा. पलंगावरून उतरवणं, बीपी बघणं, दम खाणं यांतच बराच वेळ जातो. २००९ च्या एका पाहणीत हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ च भरल्या होत्या. दुसऱ्याने पाय वर-खाली केला तर सांधे मोकळे राहतात, मेंदूला शिकायला फारसं काही मिळत नाही.

म्हणून थेरपिस्टकडून ‘गृहपाठ’ मागा : पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बोटं थोडी मिटत असतील तर वीस सुपाऱ्या एका वाडग्यातून दुसऱ्यात. मिटत नसतील तर टेबलावर टॉवेल, त्यावर दोन्ही तळवे, पुढे-मागे. उभं राहण्याचा सराव थेरपिस्टने होकार दिल्यावरच : बैठक गुडघ्याएवढी उंच, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, आधी पुढे झुकायचं, मग उठायचं. बैठक खाली असली की सगळा भार धडधाकट पायावर जातो आणि आजारी पाय तसाच राहतो. रविवारी थेरपिस्ट नसतात तेव्हा हाच गृहपाठ दुप्पट कामाचा.

काखेत हात घालून कधीही उचलू नका. सैल पडलेला खांदा सरकतो, दुखू लागतो आणि मग हाताचा व्यायामच थांबतो. बसताना हाताखाली उशी हवी. गरम तेलाने रगडणारे गावाकडून येतीलच. बधिर कातडीला चटका कळत नाही. एकच पोटरी सुजली असेल तर तिला हातही लावू न देता डॉक्टरांना बोलवा.

पेज भरवताय का? पातळ निवळ आणि शितं एकत्र गिळणं सर्वांत अवघड. खोकला आला, आवाज ओला, घरघरता झाला तर भरवणं थांबवा. स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासेपर्यंत सोलकढीही नको. जेवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

जास्तीचे पैसे असतील तर ते स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीवर घाला, दुसऱ्या फिजिओवर नव्हे. आणि घरच्या उंबरठ्याची, पायऱ्यांची, संडासाची मापं आताच थेरपिस्टला द्या, म्हणजे सराव त्याच उंचीवर होईल.