छताचं प्लास्टर १० दिवसांचं आहे, पेंटर म्हणतो आता रंग मारू, मारू द्यायचा का?

नका मारू देऊ. सिमेंटचं प्लास्टर असेल तर त्यातले पहिले ७ दिवस तर पाणी मारण्यातच जातात, म्हणजे तुमचं वाळणं आत्ता कुठे सुरू झालंय. साधारण ४ आठवडे धरा, आणि वडोदऱ्यात जुलै-ऑगस्ट असेल तर अजून जास्त, कारण हवेतच एवढा दमटपणा असतो की वाळायचं नावच घेत नाही. आमच्या दांडिया बाजारच्या घरी दिवाळीच्या घाईत २ आठवड्यांत रंग उरकला, नंतर पोपडे आले आणि पांढरे क्षार फुलले ते वेगळंच, सगळं खरवडून परत केलं, खर्च डबल. वरून कोरडं दिसतं हो, पण आतली ओल आणि नव्या सिमेंटचा खार रंगाला टिकू देत नाही.

सोपी टेस्ट म्हणजे हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने छताला चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून घाम आला तर थांबायचं. पंखा चालू, खिडक्या उघड्या ठेवा. मग आधी सिमेंटचा खार सोसणारा (अल्कली-रेझिस्टंट) प्राइमर. पीओपी किंवा जिप्सम असेल तर पाणी मारायचंच नाही आणि ते बरंच लवकर वाळतं, पण टेस्ट तिथेही करा.