ऑनलाइन बुकिंगमध्ये मीटिंग किती मिनिटांची ठेवावी?

दादा, तुम्ही विचारलं की कॅलेंडलीत (लोक ज्यातून आपली वेळ ऑनलाइन बुक करतात ते ॲप) ३० मिनिटांची मीटिंग ठेवली तर एकाचं संपत नाही तोच दुसरा जॉइन होते, मंग सरळ १ तासाची करू का. माझं ऐकाल तर नका करू. मी वरुड तालुक्यात राहतो, संत्र्याच्या बागेचा सल्ला व्हिडिओ कॉलवर देतो आणि हे सगळं भोगलेलं आहे.

ते ३० मिनिटं तुम्ही थोडीच ठरवले, कॅलेंडलीत ते आधीच भरलेले असतात, गूगल कॅलेंडरच्या अपॉइंटमेंट शेड्यूलमध्ये तसाच १ तास असतो. मी पंधरा दिवस कॉल किती वाजता सुरू झाला किती वाजता संपला ते वहीत लिहिलं. पहिल्यांदा येणारा कास्तकार ३५-४० मिनिटं घेतेच. आवाज येते का, दिसते का यातच पाच मिनिटं, रेंज फक्त धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), झाडाजवळ गेला की आवाज तुटते की पुन्हा धुऱ्यावर येते, मंग फोन खोडाजवळ नेऊन डिंक दाखवते आणि मी म्हणतो बुंध्याची माती थोडी बाजूला करा, कलमाचा जोड मातीखाली दबला का ते पाहू द्या. डिंक्या रोगाचं मूळ बरेचदा तिथंच सापडते, त्यात घाई करून चालत नाही. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की १५ मिनिटांत होऊन जाते.

म्हणून दोन प्रकार करा, पहिली भेट ४० ची आणि पुन्हा भेट १५ ची. कॅलेंडलीच्या फुकट प्लॅनमध्ये एकच प्रकार चालतो, कॅल डॉट कॉम या तशाच दुसऱ्या ॲपवर फुकटातही जास्त करता येतात. झूम फुकटचं असेल तर ४० च्या वर जाऊच नका, काऊन की ४० मिनिटांना कॉल आपोआप तुटते, माझा एक कॉल अर्ध्या वाक्यात तुटला होता आणि समोरचा समजला मीच ठेवला, लय वाईट वाटलं.

आता खरी गोष्ट. मागंपुढं लागणारा वेळ मीटिंगच्या लांबीत टाकू नका, बफर म्हणून, म्हणजे दोन बुकिंगच्या मधला मोकळा वेळ म्हणून, वेगळा टाका. एक तासाचं बुकिंग दिसलं की माणूस तासभर बोलायच्या तयारीनंच येते. माझं ४० अधिक नंतर २० चा बफर आहे, त्यात मी औषधाचं प्रमाण लिहून व्हॉट्सॲपवर टाकतो, पाणी पितो. आणि स्टार्ट टाइमचं अंतर, म्हणजे दर किती मिनिटांनी नवीन स्लॉट दिसेल, ही वेगळी सेटिंग असते, ती ६० वर ठेवा. १५ वर राहिली तर कोणी १०:३० घेते आणि १० चा स्लॉट वाया जाते, मंग १० ते १ मध्ये तीनच्या जागी दोनच माणसं बसतात.

पहिली भेट मी उजेडातच ठेवतो, झाड दिसलं पाहिजे ना. पुन्हा भेट संध्याकाळी ७ नंतर. ज्या आठवड्यात शेतीची लाईन (वीज) रात्रीची असते त्या आठवड्यात सकाळचे स्लॉट ११ पासून उघडतो, रात्रभर ओलित केलेला माणूस ९ ला कुठून उठणार.

एक लक्षात ठेवा, लांबी बदलली तरी आधी झालेले बुकिंग जुन्याच वेळेचे राहतात. त्या लोकांना स्वतः फोन करून सांगा, आणि नवीन लिंक गावात द्यायच्या आधी घरच्या दुसऱ्या मोबाइलवरून एक बुकिंग करून पाहा.