टाकी गावाची, किल्ली कुणाची?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. गावाच्या सामाईक गोष्टी, म्हणजे पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे, समाजमंदिर, स्मशानभूमी, यांची देखभाल नक्की कुणी करायची, आणि कुणी करत नसेल तर आपण काय करायचं. नाव छापू नका असं सगळ्यांनीच लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे, गावात राहायचं असतं. म्हणून फक्त जिल्हा देतोय. पंचायतीच्या कामाशी माझा जुना संबंध आहे त्यामुळे कायद्यात काय लिहिलंय तेही सांगतो आणि प्रत्यक्षात काय केलं की काम हलतं तेही.

प्रश्न (सोलापूर जिल्हा): आमच्याकडे जलजीवनमधून नवीन टाकी झाली, घरोघरी नळ आले, उद्घाटन पण झालं. आता दर उन्हाळ्यात मोटर जळते आणि आठ-आठ दिवस पाणी नसतं. ग्रामपंचायतीत गेलं की म्हणतात फंड नाही, तालुक्याला गेलं की म्हणतात योजना तुमच्या ताब्यात दिलीय आता आमचा संबंध नाही. आम्ही जायचं कुणाकडे? आणि पाण्यात पावडर टाकतात की नाही तेही कळत नाही.

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न अर्ध्या महाराष्ट्राचा प्रश्न आहे त्यामुळे याला जरा सविस्तर उत्तर देतो. आधी एक कागद बघा. योजना बांधून झाली की ती ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते, त्याचं पत्र असतं, त्यावर तारीख असते. ते पत्र झालंच नसेल किंवा ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत अजून चालू असेल तर मोटर, पाइपलाइन, गळती ही त्याची जबाबदारी, आणि तालुक्याने हात झटकून चालणार नाही. पत्र झालं असेल आणि मुदतही संपली असेल तर मात्र टाकी तुमच्या गावाची, मोटर तुमच्या गावाची, आणि वीजबिलही तुमच्याच गावाचं. कितीतरी गावांत हे पत्र कुणी वाचलेलंच नसतं, सरपंच सही करून मोकळे होतात.

आता फंड नाही याचं. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं हे त्यात ठरलं, आणि बांधायला पैसा केंद्राने आणि राज्याने दिला. पण रोज चालवायला पैसा गावाने उभा करायचा, म्हणजेच पाणीपट्टी. याचा हिशेब ग्रामनिधीत न मिसळता पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो. याशिवाय 15 व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे 2021-26 च्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायची, होती, त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून दोनच गोष्टी विचारा, पाणीपट्टीची मागणी किती आणि वसुली किती, आणि वित्त आयोगाचा पाण्यासाठीचा पैसा कशावर खर्च केला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारच्या ई-ग्रामस्वराज वेबसाइटवर घरबसल्या दिसतं, फोनवर मेरी पंचायत ॲपमध्येही दिसतं, ते आधी बघून मगच जा म्हणजे बोलताना अडखळायला होत नाही.

वसुलीचं खरं दुखणं असं असतं की लोक म्हणतात आधी पाणी द्या मग पट्टी भरतो, आणि पंचायत म्हणते आधी पट्टी भरा मग मोटर भरून आणतो, यात सगळा उन्हाळा जातो. मला वाटतं सुरुवात सदस्यांपासून करावी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे की पंचायतीचा कर मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही तर सदस्य अपात्र ठरतो. सदस्यांची थकबाकी ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा, ती आठवड्याच्या आत भरली जाते, आणि सदस्यांनी भरली की बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहत नाही. ऐपत असून न भरणाऱ्यांसाठी आधी बिल, मग मागणीचा लेख, मग जंगम मालमत्तेची जप्ती असा कायदेशीर रस्ता आहे, शिवाय थकबाकीची प्रकरणं लोकअदालतीत ठेवता येतात आणि तिथे तडजोडीने बरीच मिटतात. छत्रपती संभाजीनगर जवळच्या पाटोदा गावाने उलट बाजूने विचार केला, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना सगळा कर भरणाऱ्याला दळण फुकट दळून द्यायला सुरुवात केली. बायकांनीच घरात तगादा लावला आणि वसुली झाली.

मोटर दरवर्षी जळते त्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एकतर व्होल्टेज कमी आणि मोटर जळू नये म्हणून ती आपोआप बंद करणारा पॅनलमधला प्रिव्हेंटर काढून डायरेक्ट जोडलेलं असतं, कारण तो सारखा ट्रिप होतो म्हणून पाणी सोडणारा माणूस वैतागतो. नाहीतर विहिरीतलं पाणी खाली गेलं तरी मोटर कोरडी चालू राहते. वायरमनला घेऊन एकदा पॅनल उघडून बघा, मोटर भरून आणण्याच्या खर्चापुढे ही दुरुस्ती काहीच नाही. आणि एक मोटर शिल्लक ठेवायचा ठराव करा. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, त्यात निम्म्या महिला असायला पाहिजेत, ती समिती कागदावर आहे की खरंच बसते ते विचारा. नावं ऐकल्यावर कधी कधी यादीतल्या बाईलाच पहिल्यांदा कळतं की आपण समितीत आहोत.

पावडरचं सोपं आहे. गावाचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, छोटी बाटली आणि काचेची नळी असते. टाकीजवळच्या नळाचं पाणी तपासू नका, तिथे क्लोरीन सापडणारच, गावाच्या अगदी शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घ्या, थेंब टाका. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग बदललाच नाही तर पावडर टाकलेली नाही किंवा टाकलेली पावडर मेलेली आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला पाहिजे. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी उघडी ठेवली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना राहतो, हे बऱ्याच ठिकाणी होतं, ऑफिसच्या कोपऱ्यात पिशवीचं तोंड उघडंच असतं. आरोग्य विभाग पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो, तुमच्या गावाला कोणतं मिळालं ते विचारा, लाल असेल तर ती लपवायची गोष्ट नाही.

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा): आमच्या वस्तीजवळचं समाजमंदिर खासदार निधीतून झालंय. किल्ली एकाच घरात असते. त्यांच्या भावकीतलं लग्न असेल तर लगेच उघडतं, आमच्या लोकांनी मागितलं की किल्ली सापडत नाही, नाहीतर आत सामान आहे म्हणतात. ग्रामपंचायत म्हणते आपसात मिटवा.

उत्तर: दादा, हे आपसात मिटवायचं प्रकरणच नाही. खासदार निधीतून, आमदार निधीतून किंवा दलित वस्ती सुधार योजनेतून जे बांधलं गेलं ते सरकारी पैशाचं आहे आणि ते सगळ्यांचं आहे. ज्याच्या घराशेजारी बांधलं त्याचं ते होत नाही, आणि ज्याने त्यासाठी पाठपुरावा केला त्याचंही होत नाही.

पहिलं काम, ग्रामपंचायतीत नमुना 22 बघायला मागा. पंचायतीच्या लेख्यांचे 33 नमुने आहेत, त्यात 22 म्हणजे इमारतींसारख्या स्थावर मालमत्तेची नोंदवही, 23 रस्त्यांची आणि 24 जमिनीची. समाजमंदिर 22 मध्ये नोंदलेलं असेल तर किल्ली ठेवायचा अधिकार पंचायतीचा, आणि नोंदलेलंच नसेल तर आधी ती नोंद करून घ्या, कारण नोंद नसलेली इमारत हळूहळू ज्याच्या ताब्यात त्याचीच होऊन जाते. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मग ग्रामसभेत ठराव, किल्ली पंचायत कार्यालयात राहील, वापरायला अर्ज करायचा, तारीख आधी ज्याने मागितली त्याला आधी, साफसफाईची फी सगळ्यांना सारखी आणि तिची नमुना 7 ची पावती. अर्जांची एक वही दाराजवळ टांगून ठेवा, कुणालाही चाळता येईल अशी.

तुमच्या पत्रातलं "आमच्या लोकांनी" हे वाचून मला जे कळायचं ते कळलं. राज्यघटनेचं कलम 15(2) नेमकं याच गोष्टीसाठी आहे, सरकारी पैशावर पूर्ण किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येत नाही. आणि हे कलम नुसतं पुस्तकातून आलेलं नाही, आपल्या मातीतून आलंय. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सरकारी पैशातले पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला, पण पाणी काही घेऊ देत नव्हते. म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. शंभर वर्षं होत आली आणि आपण समाजमंदिराच्या किल्लीसाठी पत्र लिहितोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा ठराव झाला की थांबू नका, पुढच्याच कार्यक्रमाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जातीवरून नाकारलं तर गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा आणि गरज पडली तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घ्या. सामाईक मालमत्ता वापरण्यापासून अडवणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे.

प्रश्न (नांदेड जिल्हा): गल्लीतला दिवा महिनाभर बंद आणि वेशीजवळचे दिवे दिवसाढवळ्या चालू. तक्रार महावितरणला की पंचायतीला?

उत्तर: खांब आणि तार महावितरणची, दिवा पंचायतीचा. बंद दिवा बदलायचा तर पंचायतीला सांगा, खांबाचा नंबर लिहून द्या म्हणजे शोधाशोध होत नाही. दिवसा चालू राहतात त्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की रस्त्याच्या दिव्यांसाठी खांबावरून जी वेगळी तार आणि स्विच पाहिजे ती त्या भागात नाही किंवा तुटलीय, मग दिवा थेट जोडून देतात. ती तार दुरुस्त करून घ्यायला पंचायतीने महावितरणला पत्र द्यायचं. दिवसभर जळणाऱ्या दिव्याचं बिल गावच भरतं.

प्रश्न (मुंबईहून, मूळ गाव रत्नागिरी जिल्हा): आम्ही गणपतीला आणि मे महिन्यात चार दिवस गावी जातो. घर वर्षभर बंद. तरी पूर्ण घरपट्टी येते, आणि आता वाढवून आलीय. आम्ही ना दिवे वापरतो ना रस्ता. माफी मिळू शकते का? आणि ग्रामसभेत आम्हाला बोलता येतं का?

उत्तर: घर बंद आहे म्हणून घरपट्टी माफ होत नाही, ती घरावर आहे, वापरावर नाही. वाढून आली त्याचं कारण असं की डिसेंबर 2015 पासून आकारणी भांडवली मूल्यावर होते, म्हणजे जमिनीचा दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय हे धरून, आणि दर चार वर्षांनी ती बदलते. नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टी आकारणीचा, उतारा काढून बघा, मातीचं कौलारू घर कधी कधी आरसीसी म्हणून लागलेलं असतं, मोजमाप चुकलेलं असतं, तसं असेल तर लेखी हरकत घ्या आणि दुरुस्ती मागा.

पण दादा, एक गोष्ट आपुलकीने सांगतो. तुम्ही चार दिवसांसाठी येता तेव्हा पाखाडीचं, म्हणजे दगडी पायवाटेचं, गवत काढलेलं असतं, विहिरीचा गाळ काढलेला असतो, विसर्जनाच्या वाटेवर दिवा असतो, हे कुणीतरी वर्षभर केलेलं असतं. कोकणात कितीतरी वाड्यांत निम्मी घरं बंद आहेत, बंद घरांनी पट्टी थांबवली तर उरलेल्या म्हाताऱ्या माणसांवर सगळं येतं. ग्रामसभेचं म्हणाल तर गावच्या मतदार यादीत नाव असणारे तेच ग्रामसभेचे सदस्य. तुमचं मत मुंबईत असेल तर तिथे ठरावावर हात वर करता येणार नाही. सूचना मात्र लेखी पाठवा, आणि मे महिन्यात गावी असाल तेव्हा पंचायतीत जाऊन नोंदवह्या बघा, त्याला कुणी अडवत नाही.

प्रश्न (बीड जिल्हा): स्मशानभूमीला शेड आहे पण जायची वाट एका शेतकऱ्याने नांगरून टाकली. पावसाळ्यात मयत चिखलातून न्यावी लागते. ग्रामसभेला कोरमच होत नाही, ठराव करायचा कसा?

उत्तर: कोरमची भीती बाळगू नका. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात, आणि तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होऊन पुन्हा होते, त्या तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे तुमचा ठराव अडत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथेही हा विषय मांडायला सांगा.

वाटेसाठी तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. त्यावर एक तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट आणि दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. तुमची वाट नकाशावर असेल तर काम निम्मं झालं, पूर्वीपासून वहिवाटीची वाट अडवली म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, ते जागेवर येऊन पाहणी करतात आणि अडथळा काढायचा आदेश देतात. नकाशावर नसेल तर त्या शेतकऱ्याशी गावातल्या चार जाणत्यांनी बसून बोलणं, त्याची जागा किती जाते ते मोजून त्याला मोबदला किंवा बदली जागा देणं हाच रस्ता. त्याचंही शेत आहे, त्याला दमात घेऊन वाट मिळत नाही. वाट मोकळी झाल्यावर ती नमुना 23 मध्ये चढवा आणि खडीकरणासाठी जनसुविधा योजनेतून प्रस्ताव द्या, स्मशानभूमीच्या कामांसाठी जिल्हा नियोजनातून पैसा याच योजनेत येतो. अर्जाला ग्रामसभेचा ठराव आणि नकाशाची नक्कल जोडा, आणि हे सगळं मे महिन्याच्या आत करा, एकदा पेरणी झाली की उभ्या पिकातून मोजणी करू द्यायला कुणी तयार होत नाही.