निवृत्तीनंतरचा दवाखाना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माह्या मायचं वय पंच्याहत्तर हाये, पण आधारवर सदुसष्टच लिवलं हाये. सेंटरवाला म्हन्ते, सत्तरीचं कार्ड निंगत नाही. तिचा अंगठाबी उठत नाही. आता काय करावं?
(शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

भाऊ, सेंटरवाला खरं सांगतो आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, दवाखान्यात भरती झाल्यावर मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पण वय आधारवरचंच धरतात. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून अंदाजे तारीख टाकून ती संधी घालवू नका. आधी मायच्या शाळेचा दाखला शोधा. शाळाच पाहिली नसेल तर तहसीलच्या जुन्या दप्तरात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मिळते का ते बघा.

तोवर माय उघड्यावर नाही. 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं, पांढरंसुद्धा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि तिथे सत्तरीची अट नाही. तेव्हा आज एवढंच करा : मायचं नाव रेशन कार्डात आहे ना, आणि आधारवर आहे तसंच आहे ना, हे ताडून पाहा. एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, असं आपल्या गावोगावी आढळतं आणि पेशंट दवाखान्यात पोचल्यावर तेच आडवं येतं.

अंगठ्याचं म्हणाल तर आयुष्यभर कापूस वेचलेली बोटं यंत्राला सापडत नाहीत, त्यात मायचा काही दोष नाही. आयुष्मान कार्डासाठी मोबाइलवरचा ओटीपी, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटवता येते. सेंटरवाल्याला तसं करायला सांगा. नाहीच ऐकलं तर 14555 वर फोन लावा.

प्रश्न : सहकारी बँकेतून निवृत्त झालो. वय 64, शुगर आहे. एजंट 10 लाखांची आरोग्यविम्याची पॉलिसी घ्या म्हणतो, शुगरचं लिहायची गरज नाही म्हणतो. बायकोला काहीच आजार नाही, तिचे पैसे कशाला भरायचे?
(ता. दर्यापूर, जि. अमरावती)

शुगर लिहाच. माझ्या काकांच्या फॉर्मवर एजंटानं मधुमेहापुढे ‘नाही’ लिहिलं आणि काकांनी न वाचता सही केली. दोन वर्षांनी हृदयाचं ऑपरेशन झालं. जुने कागद तपासताना शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी निघाली आणि दावा फेटाळला गेला. काकूंच्या पाटल्या गेल्या. त्या घरात मी तेव्हा होते, म्हणून हे इतकं कळवळून लिहिते आहे.

खरं लिहिल्यानं नुकसान किती? आधीच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, आणि हप्ता थोडा वाढेल. 1 एप्रिल 2024 पासून पासष्टीनंतर पॉलिसी नाकारण्याचा जुना नियमही गेला आहे. पॉलिसी सलग 60 महिने चालली, की माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्या भरवशावर पहिली पाच वर्षं काढणं म्हणजे जुगार आहे.

दहा लाखांच्या आकड्यापेक्षा दोन कलमं वाचा. पहिलं को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा. ते 20 टक्के असेल तर 2 लाखांच्या बिलात 40 हजार तुमच्या खिशातून जातात. दुसरं खोलीभाड्याची मर्यादा. रोजची मर्यादा 5 हजार असताना 8 हजारांची खोली घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत फक्त भाडंच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च असं बरंच काही त्याच प्रमाणात कापतात. म्हणजे 80 हजारांचे 50 हजार हाती येतात. मी तुमच्या जागी असते तर को-पे नसलेली 5 लाखांची घेतली असती. रेशन कार्डावरचे फुले योजनेचे 5 लाख तर तुमचे आहेतच. खासगी पॉलिसी हवी ती योजनेत नसलेल्या उपचारांसाठी आणि दवाखान्यांसाठी. म्हणून अमरावती-नागपुरात तुम्ही खरोखर ज्या दवाखान्यात जाल, तो कॅशलेसच्या यादीत आहे का ते आधी विचारा.

हप्त्याचं थोडं बरं चाललं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर 18 टक्के जीएसटी लागत नाही, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत पटली नाही तर परत करता येते. ते 30 दिवस कागद वाचण्यात घाला.

आणि बायकोचे पैसे भरा, आत्ताच भरा. वर्धेजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं कित्येक वर्षांपूर्वी आसपासच्या गावांत ज्वारीवर विमा चालवला. सुगी आली की घरोघरची ज्वारी वर्गणी म्हणून जमा व्हायची. घरात कोणी आजारी आहे का, हे बघून ती दिली जात नव्हती. धान्य हातात असताना दिली जायची.

प्रश्न : केंद्र सरकारच्या खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त. वय 71. दरमहा 1000 रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. नागपूरचं सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) कार्ड घ्यावं की वय वंदना?
(ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

दोन्हींचा लाभ घेता येत नाही, एक निवडावं लागतं. माझं मत सीजीएचएसकडे आहे. रोजच्या औषधांसाठी भत्ता चालू ठेवून फक्त भरती होण्यापुरतं कार्ड घेण्याची सोय तुमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांना आहे. वय वंदनात रोजची बीपी-शुगरची औषधं नाहीत आणि पती-पत्नी दोघं सत्तरीपुढचे असले तरी 5 लाख दोघांत मिळून. सीजीएचएसला वर्गणी लागते : दहा वर्षांची एकदम भरली की आयुष्यभराचं कार्ड. वेतनस्तर 1 ते 5 ला महिना 250, म्हणजे 30 हजार.

प्रश्न : बुटीबोरीच्या कंपनीतून 58 व्या वर्षी निवृत्त झालो. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जायचा. आता बंद का?
(ता. हिंगणा, जि. नागपूर)

बंद नाही. निवृत्तीआधी किमान पाच वर्षं विमाधारक असाल, तर वर्षाला 120 रुपये भरून तुम्हाला आणि पत्नीला ईएसआयचे उपचार चालू राहतात. कंपनीचं निवृत्तीचं पत्र आणि जुना विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात जा.