अल्मा-आता की अल्माती?

प्रश्न असा आहे: सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलचा १९७८चा ‘अल्मा-आता जाहीरनामा’ भेटतो, पण नकाशात त्या नावाचं शहर सापडत नाही, ‘अल्माटी’ सापडतं. दोन्ही एकच का? आणि ‘अल्मा-आता’ म्हणजे ‘सफरचंदांचा बाप’, हा अर्थ खरा का?

शहर एकच. कझाकस्तानच्या आग्नेय कोपऱ्यात, तिएन शानच्या पायथ्याशी वसलेलं. १८५४मध्ये रशियनांनी तिथे किल्ला बांधला, त्याचं नाव पुढे ‘व्हेर्नी’ पडलं, म्हणजे ‘निष्ठावंत’. (कोणाशी निष्ठा, ते सांगायला नकोच.) सोव्हिएत राजवटीत १९२१ साली त्याचं ‘अल्मा-आता’ झालं आणि स्वतंत्र कझाकस्तानात १९९३पासून ‘अल्माती’.

आता अर्थाकडे. ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद, यात वाद नाही. तुर्कीत तेच ‘एल्मा’. ‘आता’ म्हणजे कझाकमध्ये आजोबा किंवा पूर्वज. बापाला ‘अके’ म्हणतात. पण घोडं अडतं ते व्याकरणात. ‘सफरचंदाचा आजोबा’ म्हणायचं तर कझाक माणूस ‘अल्मानिन अतासी’ म्हणेल, दोन्ही शब्दांना प्रत्यय लावून. नुसतं ‘अल्मा-आता’ म्हणजे ‘सफरचंद-आजोबा’, जोडून ठेवलेले दोन शब्द. त्यामुळे ‘बाप’वाला अर्थ सांगायला झकास असला, तरी मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. ‘अल्माती’चा अर्थ सहसा ‘सफरचंदांची जागा’ असा लावतात, तो जास्त पटतो.

जागा आहेही तशीच. आपण खातो त्या सफरचंदाचा मुख्य रानटी पूर्वज, ‘मॅलस सिव्हर्साय’, याच डोंगरउतारांवर वाढतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९२९मध्ये इथे आले, तेव्हा शहराभोवतीची रानटी सफरचंदांची जंगलं पाहून हेच या फळाचं माहेर असावं, असं त्यांनी ताडलं. पुढे जनुकीय अभ्यासानेही त्याला दुजोरा मिळाला. गंमत म्हणजे आपलं ‘सफरचंद’ ज्या अरबी ‘सफरजल’वरून आलं, तो शब्द मुळात बिहीच्या (इंग्रजीत ‘क्विन्स’) फळाचा.

लिहिताना मी ‘अल्माती’ लिहितो, कारण कझाक उच्चारात ‘त’ आहे. ‘टी’ रोमन स्पेलिंगवरून शिरला. जाहीरनाम्याचं नाव मात्र जुनंच ठेवावं. शहराचं मुंबई झालं तरी इंग्रजीत ‘बॉम्बे हायकोर्ट’ राहिलंच की! फक्त साल जरूर लिहा. याच शहरात २१ डिसेंबर १९९१ रोजी ११ प्रजासत्ताकांनी सोव्हिएत संघ संपल्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्यालाही ‘अल्मा-आता जाहीरनामा’च म्हणतात.