वाचक विचारतात : गाभा, शून्य की चौकट?

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी डेटा सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला कर्नल म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा असं शिकलो. लिनियर अल्जिब्रात कर्नल म्हणजे जे जे शून्यावर जातं ते. आता इमेज प्रोसेसिंगमध्ये नऊ आकड्यांच्या चौकटीलाही कर्नल म्हणतात. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की नुसतं नाव सारखं आहे?

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझं एम.एस्सी.चं वर्ष आठवलं. बीजगणित पक्कं झालं होतं आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकात कर्नल पुन्हा भेटला. त्यात शून्यावर काय जातंय, हे मी दोन दिवस शोधत बसले होते. तिथे शून्यावर काहीच जात नाही. हे घराणंच वेगळं आहे असं कुणी सांगितलं असतं, तर ते दोन दिवस वाचले असते. म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

मूळ अर्थ आहे गर किंवा दाणा. अक्रोडाचं कवच फोडल्यावर हातात येतो तो कर्नल आणि मक्याच्या कणसावरचा दाणा हाही कर्नल. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या नजरेने या दोन गोष्टी एक नाहीत. बदामाच्या किंवा अक्रोडाच्या कवचाआडचा गर म्हणजे बी. मक्याचा दाणा मात्र अख्खं फळ असतं, कारण त्याची फलभित्ती बीच्या सालीला पूर्ण चिकटलेली असते. म्हणजे शेतातून बाहेर पडण्याआधीच हा शब्द सैल होता. त्यामुळे ‘खरा अर्थ कुठला’ असं न विचारता, प्रत्येक ठिकाणी ‘इथे कवच कुठलं?’ असं विचारून बघ.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कवच अगदी नावासकट हजर आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ज्या प्रोग्रॅममध्ये आपण आज्ञा टाइप करतो त्याला शेल म्हणतात, म्हणजे कवच. मेमरी, डिस्क, प्रोसेसरचा वेळ यांचा थेट ताबा आतल्या कर्नलकडे असतो. प्रोसेसर स्वतःच दोन प्रकारे काम करतो : एक मर्यादित अधिकाराचा, ज्यात आपले प्रोग्रॅम चालतात, आणि एक पूर्ण अधिकाराचा, जो कर्नलसाठी राखीव असतो. साधी फाइल उघडायची तरी प्रोग्रॅमला सिस्टिम कॉल करून कर्नलकडे मागणी करावी लागते. लिनस टोरवाल्ड्सने 1991च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती दिली, तेव्हा तो कर्नल दहा हजार ओळींच्या आसपास होता. आज त्याच्या ओळी कोटींत मोजाव्या लागतात. तेव्हा गर म्हणजे इवलासा, असं मात्र समजू नकोस.

रसायनशास्त्रातही हाच आतला-बाहेरचा अर्थ येऊन गेला आहे. गिल्बर्ट लुइसने 1916च्या आपल्या निबंधात अणूची बाहेरची, म्हणजे बंध जुळवणारी इलेक्ट्रॉनं बाजूला ठेवली आणि उरलेल्या भागाला कर्नल म्हटलं. अणुकेंद्रक आणि त्याला बिलगलेली आतली इलेक्ट्रॉनं, असा तो भाग.

तुझी नऊ आकड्यांची चौकट दुसऱ्या घराण्यातली. तिचा माग जर्मनीत लागतो. 1904 साली गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट समाकल समीकरणांवर (इंटिग्रल इक्वेशन्स) लिहीत होता. त्या समीकरणांत समाकलनाच्या चिन्हाच्या आत दोन फलनं (फंक्शन्स) शेजारी शेजारी बसलेली असतात. एक आपल्याला शोधायचं असतं आणि दुसरं दिलेलं असतं. या दिलेल्या फलनाला हिल्बर्टने ‘केर्न’ म्हटलं. जर्मनमध्ये केर्न म्हणजे फळातली बी, गाभा, अणूचं केंद्रकसुद्धा. इथे कवच म्हणजे समाकलनाची सगळी क्रिया, आणि कुठल्या बिंदूचा कुठल्या बिंदूवर किती प्रभाव पडणार हे ठरवणारं आतलं फलन म्हणजे गर. ‘कुणाचं कुणावर किती वजन’ हे या घराण्याचं लक्षण लक्षात ठेव, पुढचं सगळं सोपं होईल.

मला अडवणारी संख्याशास्त्रातली पद्धत याच घराण्यातली. हातातल्या मोजक्या निरीक्षणांवरून ती कुठे किती दाटलेली आहेत याचा सलग आकार ती काढते. रोझनब्लाट या संख्याशास्त्रज्ञाने 1956मध्ये आणि पार्झनने 1962मध्ये ती मांडली. समज तुझ्याकडे 2, 3, 3, 7, 8 अशी पाच निरीक्षणं आहेत. प्रत्येक आकड्यावर वाळूचा एकसारखा छोटा ढीग ओतायचा. 3वर दोनदा ओतायचा. जवळचे ढीग एकमेकांत मिसळतात आणि 3च्या आसपास एक उंचवटा, 7-8च्या मध्ये दुसरा असा आकार उभा राहतो. त्या एका ढिगाचा आकार म्हणजे कर्नल. ढीग कसा दिसतो यापेक्षा किती पसरट आहे यावर निकाल जास्त अवलंबून असतो. विद्यार्थी आकार निवडण्यात वेळ घालवतात आणि रुंदी सॉफ्टवेअरवर सोडतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता तुझी चौकट. एका करड्या चित्रातला तीन बाय तीनचा तुकडा घे. आठ पिक्सेलची किंमत 10 आणि मधल्याची 100. मधे एक चुकार ठिपका आहे, असं समज. कर्नल त्यावर ठेवायचा, प्रत्येक पिक्सेलला त्याच्यावर आलेल्या आकड्याने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती मधल्या पिक्सेलची नवी किंमत धरायची. नऊही घरांत एक-नवमांश असलेला कर्नल ठेवला, तर बेरीज 180, भागिले 9, उत्तर 20. ठिपका विरघळला. आता कर्नल बदल : मधे 8 आणि भोवती आठही घरांत उणे 1. त्याच तुकड्यावर उत्तर येतं 800 वजा 80, म्हणजे 720. ठिपका ओरडून उठला. चित्र तेच, फक्त कुणाचं किती वजन ते बदललं.

सपोर्ट व्हेक्टर मशीन, म्हणजे नमुन्यांची गटांत विभागणी शिकणारी पद्धत, तिच्यातला कर्नलही इथलाच. दोन नमुने एकमेकांशी किती मिळतेजुळते आहेत ते तो सांगतो. ग्राफिक्स कार्डावर हजारो धागे (थ्रेड्स, म्हणजे समांतर चालणारी छोटी कामं) एकाच वेळी जे फंक्शन चालवतात, त्यालाही कर्नल म्हणतात. तो मात्र तिथे चालणाऱ्या कामाचा गाभा, एवढंच.

राहिला बीजगणितातला कर्नल. मला सगळ्यांत जवळचा हाच, आणि शिकवताना सगळ्यांत जास्त अन्याय याच्यावर होतो. ‘शून्यावर जाणाऱ्यांचा संच’ अशी व्याख्या फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. शून्यावर जाणारे म्हणजे वाया गेलेले, मग त्यांना गर का म्हणायचं, हे मुलांना कळत नाही.

भिंतीवरचं घड्याळ बघ. कुठलीही पूर्ण संख्या घे आणि बारापासून तेवढे तास काटा फिरव. 3 तासांनी काटा 3वर, 15 तासांनीही 3वर, 27 तासांनीही 3वर. बारा म्हणजे या घड्याळाचं शून्य. काटा पुन्हा बारावरच आणून ठेवणाऱ्या संख्या कोणत्या? 0, 12, 24, 36 आणि उलट दिशेने उणे 12, उणे 24. हा इथला कर्नल. आता 3, 15, 27 यांच्यातला फरक बघ : 12 आणि 24. दोन्ही कर्नलमधले! कुठल्या दोन संख्या घड्याळाला एकसारख्या दिसतील, हे संपूर्णपणे कर्नलच ठरवतो. त्यात एकटं शून्य असेल, तर कुठल्याच दोन गोष्टी एकावर एक पडत नाहीत. म्हणजे फलनाने काय आणि किती पुसलं याचा सगळा हिशोब त्या एका संचात साठवलेला असतो. माझ्या लेखी गर म्हणायला एवढं पुरे.

आता कागद-पेन्सिल घे. मधे 8 आणि भोवती उणे 1 असलेला तो कर्नल सर्वत्र 10 असलेल्या सपाट चित्रावर फिरव. प्रत्येक ठिकाणी 80 वजा 80, शून्य. म्हणजे एकसारख्या रंगाची सगळी सपाट चित्रं शून्यावर गेली. चौकट हा एक कर्नल, आणि त्या चौकटीने केलेल्या क्रियेचा बीजगणिती कर्नल म्हणजे ती पुसते त्या चित्रांचा संच. तो कळला, की ही चौकट कशाकडे डोळेझाक करते ते कळतं. ती फक्त कडा का दाखवते, याचं उत्तर तिथे आहे. लिनियर अल्जिब्रा आणि इमेज प्रोसेसिंग हे तुझे दोन तास इथे एकत्र येतात.

प्रश्न : या शब्दाचा आणि लष्करातल्या कर्नलचा काही संबंध आहे का? आपल्या भाषांशी काही नातं?

उत्तर : लष्करी कर्नलशी काहीच नातं नाही. तो शब्द सैन्याच्या स्तंभावरून इटालियनमधून आला. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं आहे, मराठीत मात्र दोघेही ‘कर्नल’ असेच लिहिले जातात. गराचा कर्नल हे धान्याच्या दाण्याला असलेल्या ‘कॉर्न’ या जुन्या शब्दाचं लघुरूप, म्हणजे छोटा दाणा.

आपल्याशी नातं आहे, आणि जवळचं आहे. कॉर्न, लॅटिनमधला ग्रानुम आणि संस्कृतातला ‘जीर्ण’ हे एकाच मुळाचे शब्द. दाणा आणि जीर्ण यांचा काय संबंध, असं वाटत असेल तर मराठीतलं ‘पिकणं’ आठवा. शेत पिकतं, केसही पिकतात.