देवाचे आभार मानायचं थांबवलं म्हणून देव रागावला का?

"देवाचे आभार मानते पण आतून काहीच वाटत नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे खूप जण घेऊन येतात. कॉलेजची मुलं येतात, वर्षानुवर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करणारी माणसं येतात, एकदा तर एका पाळकांच्या घरातूनच हा प्रश्न आला होता. आणि जवळपास सगळेच तो अगदी हळू आवाजात विचारतात, जणू काही गुन्हा कबूल करतायत. म्हणून आज एका ताईंबद्दल लिहितेय. त्यांची परवानगी घेतलीय आणि त्या ओळखू येतील असे तपशील बदललेत.

ताई चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या, घरी नवरा, शिकणारा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्या अंथरुणावरच आहेत, म्हणजे अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं घरातच. दीर-जाऊ दुसऱ्या गावी, ते रविवारी फोन करतात. ताईंच्या मंडळीतल्या बहिणींनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप काढला होता, रोज रात्री उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, तीन गोष्टी डायरीत लिहून ग्रुपवर टाकायच्या. सुरुवातीला ताईंना छान वाटलं, मग हळूहळू रोज तेच ते यायला लागलं, घर, आरोग्य, कुटुंब, घर, आरोग्य, कुटुंब, आणि एका रात्री सासूबाईंची चादर तिसऱ्यांदा बदलून झाल्यावर मोबाईल हातात घेतला आणि त्यांना काहीच टाईप करता येईना. त्यांनी ग्रुप म्यूट केला, डायरी कपाटात ठेवून दिली. त्यानंतर महिन्याभरात मुलाची परीक्षा वाईट गेली.

माझ्यासमोर बसल्यावर त्या पहिल्यांदा जे बोलल्या ते असं होतं, "मॅडम, मी थँक्यू म्हणायचं थांबवलं म्हणून देवाने हात काढून घेतला का?"

हे वाक्य ऐकलं की मी थांबते, कारण खरा त्रास इथे असतो. बाई थकलीय हे तर दिसतच होतं. पण तिच्या मनात देवाचं जे चित्र तयार झालं होतं ते कर्ज देणाऱ्याचं होतं, आभार म्हणजे त्याचा हप्ता, हप्ता चुकला की जप्ती. हे चित्र कुणी मुद्दाम शिकवत नाही, मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगताना, आपण नकळत तसं बोलतो, "मी स्तुती करत राहिले आणि प्रभूने दार उघडलं", मग ज्याचं दार उघडलं नाही तो घरी जाऊन आपली स्तुती कुठे कमी पडली ते शोधत बसतो.

मी त्यांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट पुन्हा वाचायला लावली. ती आपण इतक्या वेळा ऐकलीय की पाठ झालीय, दहा बरे झाले, एकच परत आला, तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका, होता, आणि येशूने विचारलं बाकीचे नऊ कुठे आहेत. संडे स्कूलपासून आपल्याला याचा एकच धडा मिळालाय, नवांसारखे होऊ नका. तो धडा खराच आहे. पण मी ताईंना म्हटलं, आता हे शोधा की त्या नवांचा कुष्ठरोग परत आला असं कुठे लिहिलंय. त्यांनी वाचलं, परत वर जाऊन वाचलं, आणि म्हणाल्या, "नाही लिहिलं." नाहीच लिहिलेलं. येशूला त्यांचं न येणं लागलं हे त्याच्या प्रश्नातून कळतं, पण बरं केलेलं परत घेतल्याचं एक अक्षर नाही. दहाही जण वाटेत असतानाच बरे झाले, आभार मानायची वेळ यायच्याही आधी.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते परत परत सांगते, कृपा आधी येते. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात दहा आज्ञा सुरू व्हायच्या आधी देव सांगतो की मी तुला मिसरातून (इजिप्तमधून), दास्यातून बाहेर काढलंय. सुटका झालेली आहे, मग आज्ञा. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, म्हणजे सुधारल्यावर नाही, आभार मानल्यावर नाही. उपकारस्तुती ही त्या कृपेला दिलेलं उत्तर आहे. उत्तर द्यायला कधी उशीर होतो, कधी घसा इतका दाटलेला असतो की शब्द फुटत नाही, पण म्हणून जे मिळालं ते रद्द होत नाही.

पण हे कळलं म्हणून लगेच मन हलकं झालं असं काही झालं नाही. पुढच्या वेळी ताई आल्या त्या रागावूनच. मंडळीतल्या एका मावशींनी त्यांना सांगितलं होतं, "अगं, किती जणांची यापेक्षा वाईट परिस्थिती आहे, तू तर आभारच मान." मावशींचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून आपल्याला बरं वाटून घ्यायचं, याबद्दल मला फार काळजी वाटते. लूकच्या १८व्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणारा परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवा, त्याची प्रार्थना आभारानेच सुरू होते, "मी इतर माणसांसारखा नाही" म्हणून तो देवाचे आभार मानतो. आणि नीतिमान ठरून घरी कोण जातो, तर तो जकातदार, लोक ज्याला पापी समजायचे आणि ज्याच्याकडे आभाराचा एकही शब्द नव्हता, नुसतं "माझ्यावर दया कर" एवढंच होतं.

म्हणून मी ताईंना सांगितलं की सध्या डायरी कपाटातच राहू द्या, आणि आठवडाभर आभाराची काहीही यादी करायची नाही. त्याऐवजी स्तोत्र १३ वाचा, आणि जमलं तर ८८. त्या दचकल्याच. १३वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे आणि त्याची सुरुवातच "कोठवर?" अशी आहे, हे परमेश्वरा तू मला कायमचं विसरणार का, असं दावीद सरळ देवाला विचारतो, आणि शेवटी गातो. ८८वं तर अंधारातच संपतं, त्यात शेवटी काही उजाडत नाही. तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत म्हणायच्या स्तोत्रांमध्ये आहे. म्हणजे देवाने ही तक्रार आपल्या लोकांच्या तोंडात स्वतः दिलीय. ज्याच्याजवळ तक्रार करायची मुभा नाही त्याचे मनापासून आभार मानता येत नाहीत, नुसती खुशामत करता येते, हे मला इतक्या लोकांबरोबर बसून पक्कं पटलेलं आहे.

आठवडा झाल्यावर ताईंनी एक कागद आणला. त्यावर देवाला लिहिलेलं होतं, रात्री झोप नाही, सासूबाई चांगल्या होत्या तेव्हा मला कधी धड बोलल्या नाहीत आणि आता मीच त्यांचं सगळं करते, दीर-जाऊ मोकळे आहेत, नवरा बघतो पण विचारल्याशिवाय उठत नाही. सगळ्यात खाली वेगळ्या पेनने लिहिलं होतं, "तरी आज तू ऐकलंस." मी त्यांना हे लिहायला सांगितलं नव्हतं.

त्या कागदात नवऱ्याबद्दलचं ते वाक्य होतं, त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. कृपा हा शब्द आपण चर्चमध्ये ठेवून घरी येतो की काय असं मला कधीकधी वाटतं, कारण त्याची खरी परीक्षा तर घरातल्या माणसापुढे होते. मी विचारलं, दादांनी गेल्या आठवड्यात काही केलं का? त्या म्हणाल्या, हो, दोनदा औषधं आणली, एकदा रात्री उठले. मग त्यांना काही म्हणालात? "नाही हो, त्यांचीच आई आहे, आभार कसले मानायचे." आणि ते तुम्हाला काही म्हणतात? तेही नाही. दोघंही रोज रात्री एकत्र प्रार्थना करतात, देवाला सगळ्यासाठी धन्यवाद देतात आणि शेजारी बसलेल्या माणसाला एक शब्द नाही! मग आम्ही एक छोटी गोष्ट ठरवली, यादी नाही, दिवसातून एकदा एकाच माणसाला, त्याने केलेल्या एकाच कामाचं नाव घेऊन सांगायचं, तेही त्याच दिवशी. "तू खूप चांगला आहेस" असलं काही नको. "काल रात्री तुम्ही उठलात म्हणून मला सलग झोप मिळाली", असं. आणि ज्याचं वाईट वाटलं तेही तितकंच साफ सांगायचं, म्हणजे "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री तुम्ही उठा." कृपेने वागणं म्हणजे गप्प बसून सहन करणं असं नाही. पहिल्यांदा बोलताना दोघांनाही फार अवघडल्यासारखं झालं म्हणे, नवरा तर विचारत होता काय झालंय तुला.

डायरीचं मात्र ताईंच्या मनात राहिलंच होतं, सोडली याचं अपराधीपण. त्यांना मी सांगितलं की रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलफ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास छापला होता, त्यातल्या एका गटाने दहा आठवडे आठवड्यातून एकदाच, कृतज्ञ वाटेल अशा गोष्टी लिहिल्या, आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपल्या आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. लिहिण्याने फायदा होतो, फक्त रोज लिहायलाच पाहिजे असं नाही, काही जणांच्या बाबतीत तर रोजच्या लिहिण्याने त्यातला जीवच जातो आणि मागे नुसती हजेरी राहते. आता त्या रविवारी दुपारी लिहितात, एकच गोष्ट, पण कुठे, कुणी, काय केलं आणि ते कसं वाटलं असं पूर्ण. रोजच्यासाठी मी त्यांना संत इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतली दिवसाची उजळणी सुचवली, ही पद्धत १६व्या शतकापासून चालत आलीय. आधी मिळालेल्या कृपेबद्दल आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा, मग दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी एक ठराव. ताई कॅथलिक नाहीत, त्यांनी पाळकसाहेबांना विचारून घेतलं, ते म्हणाले बिनधास्त करा. त्यात मला आवडतो तो क्रम, की चुका बघायच्या आधी मिळालेलं बघायचं.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. त्याच मावशी, ज्यांच्यावर ताई रागावल्या होत्या, त्या म्हणाल्या की शुक्रवारी संध्याकाळी मी दोन तास येऊन बसते, तू बाहेर जाऊन ये. ताईंनी नाही म्हटलं. का, तर "त्यांची फेड मी कशी करणार?" मी हे ऐकलं आणि म्हटलं ताई, हा परत हप्ता आला बघा! जी बाई देवाची कृपा फुकट आहे हे मान्य करते ती माणसाकडून दोन तास फुकट घेऊ शकत नाही, आणि ही गोष्ट मला सेवा करणाऱ्या माणसांमध्ये फारच दिसते, देताना ती कधी थकत नाहीत पण घ्यायची वेळ आली की मान खाली. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, देवाने दूर करावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२). काटा गेला नाही. कृपा त्याच्या अशक्तपणात आली, आणि अशक्तपणा म्हणजे घेणाऱ्याच्या जागेवर बसणं. ताईंना मी म्हटलं की तुमचा यावेळचा कृपेचा अभ्यास हाच, मावशींना हो म्हणा आणि बदल्यात काही करू नका. तीन आठवडे लागले त्यांना.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर ती उपकारस्तुतीची कमतरता नाही, डॉक्टरांना दाखवा, आणि मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच कुणाला तरी सांगा. मीही ताईंना आधी तेच तपासायला पाठवलं होतं. आणि घरात मारहाण होत असेल तर "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन दाखवून कुणाला तिथेच राहायला लावणं हे त्या वचनाचा गैरवापर आहे. आधी सुरक्षित जागा, बाकी सगळं नंतर.

आणि मंडळीतल्या लोकांनो, तुमच्यासाठीही. बायबलमधल्या ईयोबावर सगळीकडून संकटं आली तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. बोलायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं. मावशींचं सांत्वन ताईंना टोचलं आणि त्यांचे दोन तास कामाला आले, यावरून काय करायचं ते तुम्हीच बघा.

मुलाने परीक्षा परत दिली, निकाल अजून आलेला नाही. पण ताईंनी माझ्याकडे तो विषय वेगळ्या तऱ्हेने काढला, "नापास झाला तरी मला देवाची भीती वाटणार नाही, वाईट मात्र वाटेल." सासूबाई आहेत तशाच आहेत, काही रात्री अजूनही फार वाईट जातात, आणि अशा रात्री ताई प्रार्थनेत तसंच सांगतात आणि झोपतात. मंगळवार-शुक्रवार नवरा उठतो, कधीकधी हाक मारावी लागते. मावशींचे शुक्रवारचे दोन तास आता कायमचे झालेत, ताई त्या वेळात नुसत्या फिरून येतात. जाऊबाईंशी बोलायचं अजून बाकी आहे, राग पुरेसा आहे आणि शब्द सापडत नाहीयेत, पुढच्या भेटीत आम्ही त्यावरच बसणार आहोत.